सिडनीत नव्याने आलात? इथल्या पशुपक्ष्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी नवीन मंडळी येतात, वेस्टमेड, हॅरिस पार्क, वेंटवर्थव्हिल, ब्लॅकटाऊन, शोफिल्ड्स असं कुठेतरी घर घेतात, भारतीय किराणा कुठे मिळतो ते पहिल्या दिवशी शोधतात आणि दुसऱ्या दिवसापासून कोळी, साप, मॅगपाय यावर प्रश्न सुरू होतात. प्रश्न तेच असतात त्यामुळे उत्तरंही एकदाच नीट लिहून ठेवलेली बरी. हे सगळं मुख्यतः सिडनी आणि न्यू साऊथ वेल्सबद्दल आहे, पर्थ-डार्विनवाल्यांनी यातलं सगळंच आपल्याला लागू धरू नये.

खरं सांगा, ऑस्ट्रेलियात पावलोपावली विषारी प्राणी असतात ना?

विषारी प्राणी आहेत, पावलोपावली नाहीत. यूट्यूबवर "जगातले सर्वात खतरनाक दहा" बघून येता ना, त्यातले बरेचसे इथल्या माणसांनी पण आयुष्यात बघितलेले नसतात. एक हिशोब बघा, ऑस्ट्रेलियात साप चावून वर्षाला सरासरी दोन-तीन माणसं जातात, आणि भारतात २००० ते २०१९ या काळाचा जो अभ्यास झाला त्यात सरासरी वर्षाला ५८ हजार मृत्यू निघाले. नाग, मण्यार, घोणस, फुरसं असलेल्या मुलखातून आपण आलोय आणि इथे येऊन घाबरतोय. आता त्यात लोकसंख्येचा फरक आहे, शेतात अनवाणी काम करणाऱ्यांचा फरक आहे, हॉस्पिटल किती लांब याचा फरक आहे, ते सगळं मान्य, पण तरी. धोक्याची यादी छोटी आहे, ती पाठ करा आणि मग बाकीच्यांकडे मजेत बघा, कारण बघण्यासारखं जे आहे ती यादी प्रचंड मोठी आहे आणि त्यातलं निम्मं तुमच्या गल्लीतच असतं.

भिंतीवर हाताच्या पंजाएवढा कोळी आहे!! मी खोलीचं दार बंद करून बाहेर बसलोय, आता काय?

हंट्समन आहे तो. चपटा, लांब पायांचा, करड्या-तपकिरी रंगाचा, भिंतीवर खेकड्यासारखा आडवा पळतो. दिसायला भयंकर, स्वभावाने भित्रा. जाळं विणत नाही, फिरून शिकार करतो, तुमच्या घरातली झुरळं खातो. चावला तर दुखेल पण जिवाला धोका नाही. मोठा डबा त्याच्यावर पालथा घाला, खालून जाड कागद सरकवा, बाहेर झाडापाशी सोडून द्या. जमत नसेल तर खिडकी उघडून निवांत बसा.

खरा प्रॉब्लेम गाडीतला हंट्समन, तो ऊन अडवायच्या फ्लॅपमागे बसतो आणि फ्लॅप खाली केला की मांडीवर. अशा वेळी स्टिअरिंग सोडायचं नाही, ओरडायला हरकत नाही, ओरडत ओरडत गाडी बाजूला घ्यायची.

मग घाबरायचं कुठल्या कोळ्याला?

दोनच. पहिला रेडबॅक. काळी कुळकुळीत मादी, पाठीवर लाल पट्टा, बागेतल्या खुर्चीखाली, पत्रपेटीत, मीटर बॉक्समध्ये, बरेच दिवस पडून असलेल्या सायकलच्या हेल्मेटमध्ये. दुखतं प्रचंड, पण यावरचं औषध १९५६ पासून आहे. यात पट्टी घट्ट बांधायची नाही, बर्फ लावायचा आणि लक्षणं वाढली की डॉक्टर गाठायचा.

दुसरा सिडनी फनेल-वेब, हा खरा. काळा, चकचकीत, दणकट, आणि सिडनी व आसपासच्याच भागात, जास्त करून नॉर्थ शोअर, हॉर्न्सबी वगैरे ओलसर झाडीच्या बाजूला. उन्हाळ्याच्या शेवटाकडे पाऊस पडून गेला की नर मादीच्या शोधात बाहेर पडतात आणि बुटात, धुवायला टाकलेल्या कपड्यांच्या ढिगात शिरतात. त्यामुळे बाहेर ठेवलेले बूट झटकून घाला, ही एकच सवय लावून घ्या. चावला तर साप चावल्यासारखीच पट्टी बांधायची (कशी ते खाली सापाच्या प्रश्नात आहे) आणि तिप्पट शून्यला, म्हणजे ००० या इमर्जन्सी नंबरला, फोन. १९८१ मध्ये याचं प्रतिविष आलं आणि तेव्हापासून या कोळ्याने एकही माणूस गेलेला नाही. त्या प्रतिविषासाठी लागणारे कोळी लोकच पकडून आणून देतात, गॉसफर्डजवळच्या ऑस्ट्रेलियन रेप्टाईल पार्कमध्ये त्यांचं विष काढतात. तुम्ही नाही गेलात पकडायला तरी चालेल.

साप दिसला तर? चावला तर?

दिसला तर मागे सरका आणि जाऊ द्या. मारायचा नाही, संरक्षित प्राणी आहे, बेकायदेशीर आहे, आणि इथे साप चावण्याच्या बऱ्याच घटना मारायला किंवा पकडायला गेल्यामुळेच होतात. घरात शिरला तर लायसन्सवाला साप पकडणारा बोलवा, पैसे घेतो पण येतो. नवीन वसाहती जिथे कालपर्यंत कुरणं होती तिथे ईस्टर्न ब्राऊन हा जहाल विषारी साप असू शकतो, ओढ्याकाठी लाल पोटाचा काळा साप.

चावला तर: माणसाला हलू द्यायचं नाही, चालवायचं नाही. जखम धुवायची नाही, कापायची नाही, चोखायची तर नाहीच. रुंद इलॅस्टिक बँडेज चावलेल्या जागेवरून सुरू करून पूर्ण हातापायावर घट्ट गुंडाळायचं, मुरगळलेल्या पायाला बांधतो तितपत घट्ट, मग काठी किंवा फळी लावून हात-पाय स्थिर करायचा आणि तिप्पट शून्य. बँडेज हॉस्पिटलवाले सोडतील, तुम्ही सोडू नका. असं बँडेज फार्मसीत काही डॉलरला मिळतं, एक गाडीत, एक ट्रेकच्या बॅगेत.

आणि एक, हा बँडेजचा उपाय इथल्या सापांसाठी आहे. घोणस-फुरसं चावल्यावर जागा सुजते, तिथे असं आवळून बांधणं महागात पडू शकतं, म्हणून हे गावाकडच्या ग्रुपवर फॉरवर्ड करू नका प्लीज.

अँब्युलन्सचं पण आत्ताच बघून ठेवा, मेडिकेअरमध्ये (सरकारी आरोग्य विमा) अँब्युलन्स येत नाही, हेल्थ कव्हरमध्ये आहे का ते तपासा.

बागेत साप दिसला पण त्याला पाय होते...

ब्लू-टंग. आपल्याकडची सापसुरळी आठवते ना, तिच्याच खानदानातला हा जाडजूड भाऊ. डिवचलं तर निळी जीभ बाहेर काढून फुस्स करतो, बस, तेवढीच दादागिरी. गोगलगायी खातो, त्यामुळे असा बागेत राहायला आला तर नशीब समजा आणि गोगलगायी मारायच्या निळ्या-हिरव्या गोळ्या टाकणं बंद करा, विष खाल्लेली गोगलगाय याने खाल्ली की हा पण जातो. लॉन कापायच्या आधी एक चक्कर मारा, गवतात पडून असतो.

सप्टेंबरमध्ये ऑफिसला जाताना एक काळापांढरा पक्षी मागून येऊन डोक्यावर झडप घालतो. माझ्यावरच का?

कारण त्याने तुम्हाला लक्षात ठेवलंय, चेष्टा नाही. मॅगपाय माणसांचे चेहरे ओळखतो आणि वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. घरट्यात पिल्लं असली की काही नर, दहातला एखादासुद्धा नाही, आपल्या हद्दीत येणाऱ्यावर झडप घालतात. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत साधारण, सप्टेंबर कळसाचा. एका घरट्याचं हे नाटक सहा-एक आठवडे चालतं आणि मग तोच पक्षी निवांत तुमच्या पायाशी किडे टिपत फिरतो.

रस्ता बदला, हा सगळ्यात सोपा उपाय. बदलता येत नसेल तर टोपी आणि गॉगल घाला कारण इजा झालीच तर डोळ्याला होते, सायकलवरून उतरून चालत जा, पळू नका, आणि त्याच्याकडे बघत बघत जा, तो पाठ फिरली की येतो. छत्री पण चालते. सायकलवाले हेल्मेटला केबल टाय लावून साळिंदरासारखे फिरतात ते यामुळेच. दगड मारायचा नाही, एकतर बेकायदेशीर आणि दुसरं म्हणजे पुढच्या वर्षी तो तुमची वाटच बघत बसेल.

पण सकाळी सहाला याचं गाणं ऐका एकदा, पाण्यातून बासरी वाजवल्यासारखं. सिडनी सोडून गेलेल्या माणसांना सगळ्यात जास्त कशाची आठवण येते विचारा, बरेच जण हेच सांगतील.

पहाटे चार वाजता कोकीळ ओरडतोय. मला भास होतोय का घरची आठवण येतेय?

दोन्ही असू शकेल, पण कोकीळ खरा आहे. पॅसिफिक कोएल म्हणतात, आपल्या कोकिळाचा सख्खा चुलतभाऊ, पूर्वी तर दोघांना एकच जात धरायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यू गिनी-इंडोनेशियाकडून येतो आणि मार्चच्या आसपास परत जातो. आपल्याकडे चैत्रात ओरडतो, इथे पण वसंतातच ओरडतो, फक्त इथला वसंत सप्टेंबरात असतो. नर काळाभोर, लाल डोळ्याचा, मादी ठिपक्याठिपक्यांची, अगदी तस्सं. घरटं न बांधण्याची सवयही तीच, आपल्याकडे कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकतो तर इथे रेड वॉटलबर्ड वगैरे पक्ष्यांच्या. मग जानेवारीत तुम्हाला एक छोटा वॉटलबर्ड दिवसभर धावपळ करत स्वतःपेक्षा मोठ्या पिल्लाला भरवताना दिसेल.

मजा अशी की इथले लोक याला वैतागलेले असतात, रात्रभर ओरडतो म्हणून झोपमोडीच्या तक्रारी करतात, आणि आपल्यातला एखादा ऑक्टोबरच्या पहाटे बाल्कनीत उभा राहून फोनवर रेकॉर्ड करून नाशिकला पाठवत असतो.

ही आपली साळुंकीच आहे ना? शेजारी "इंडियन मायना" म्हणाला आणि तोंड वाकडं केलं.

साळुंकीच. १८६२ मध्ये मेलबर्नला किडे खाईल म्हणून मुद्दाम आणून सोडली आणि मग ती आवरेनाच. झाडांच्या ढोलीत घरटं करते, आणि इथले रोझेलासारखे पोपट पण ढोलीतच राहतात, जुनी ढोलीवाली झाडं आधीच कमी, त्यात ही भांडकुदळ. जगातल्या सर्वात त्रासदायक शंभर परक्या जातींच्या यादीत ती आहे. बऱ्याच भागात पिंजरे लावून पकडतात. शेजाऱ्याचा राग पक्ष्यावर असतो हो, नावातल्या "इंडियन"मुळे आपल्याला उगाच लागतं. आता पक्षीवाले कॉमन मायना असंच म्हणतात.

गोंधळ टाळा: करड्या रंगाचा, डोक्यावर काळं, तीस-चाळीसच्या टोळीने सगळ्यांना हाकलून देणारा तो नॉइझी मायनर, तो पूर्ण ऑस्ट्रेलियन आणि संरक्षित. दोघांची चोच पिवळी, डोळ्यामागे पिवळं, नाव पण सारखं, स्वभाव तर फारच सारखा.

ओळखीचे अजून बरेच भेटतील. शेंडीवाला शिपाई बुलबुल सिडनीत सर्रास आहे, ठिपक्यांचा होला पण, दोघंही आणून सोडलेले. उलट बाजूचं बघा, कोकणातल्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं, रस्त्याकडेची निलगिरी, पुण्याच्या सोसायट्यांमधले सिल्व्हर ओक आणि बॉटलब्रश, ही सगळी मूळची इकडची मंडळी. म्हणजे देवाणघेवाण आधीपासून चालू आहे, आपण उशिरा आलो.

रात्री छतावर माणूस चालल्यासारखा आवाज येतो आणि मध्येच कोणीतरी घोरतं, फिस्कारतं.

पोसम. ब्रशटेल असेल, मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा. भूत नाही, चोर नाही, सत्यनारायण घालायची गरज नाही. संरक्षित आहे, विष घालणं, मारणं गुन्हा. पकडायलासुद्धा परवाना लागतो आणि पकडला तरी १५० मीटरच्या आतच सोडावा लागतो, कारण दूर नेऊन सोडलेला पोसम दुसऱ्याच्या हद्दीत जगत नाही सहसा. भाड्याचं घर असेल तर एजंटला लिहा. तो अंधार पडल्यावर बाहेर जातो तेव्हा भोक बुजवायचं (आत पिल्लू नाही ना ते बघून), आणि झाडावर लाकडी खोका लावून दिला की तिथे राहतो. लहान, पांढऱ्या टोकाच्या गोल शेपटीचा असेल तर तो रिंगटेल, तो झाडावर काड्यांचं घरटं करून राहतो.

न्यूझीलंडला गेलात तर तिथे हे कौतुक सांगू नका. तिथे हाच पोसम इथून नेऊन सोडलेला, जंगलाची वाट लावली त्याने, तिथे तो मारण्याचाच प्राणी.

पक्ष्यांना पोळी, भात घालू का? घरी रोज घालायचो.

नका घालू. मला माहितीये हे ऐकायला वाईट वाटतं, आपल्याकडे चिमणीला दाणे, मुंगीला साखर, गाईला घास या सगळ्यात आपण वाढलो, आणि आई तर आल्या आल्या बाल्कनीत वाटी ठेवते. पण इथले रंगीत लोरिकीट पोपट फुलांतला मध आणि पराग खाणारे, त्यांची जीभच ब्रशसारखी असते, पोळी-पाव-साखरपाण्याने आजारी पडतात. मॅगपाय आणि कुकाबुरा (इथला मोठा खंड्या) यांना खिमा घालतात लोक, नुसत्या मांसात कॅल्शियम नसतं, पिल्लांची हाडं कच्ची राहतात. आणि उरलेल्या भातावर येतात उंदीर, आयबिस आणि आपली साळुंकीबाई.

त्याऐवजी मातीचं पसरट भांडं घ्या, पाणी ठेवा, रोज बदला. जागा असेल तर ग्रेव्हिलिया किंवा बॉटलब्रश लावा, कुंडीतसुद्धा येतो. चाळीस डिग्रीच्या दिवशी त्या पाण्यावर कोण कोण येतं ते बघा, पोटभर दानधर्म केल्याचं समाधान मिळेल.

आणि पितृपक्षात? कावळा शिवायला पाहिजे ना.

हा प्रश्न दर सप्टेंबरला येतो आणि मला आवडतो. आपला घरकावळा इथे नाही, म्हणजे तो जहाजांवर बसून पश्चिम किनाऱ्यावर येतो कधीकधी पण तिथले अधिकारी त्याला टिकू देत नाहीत. सिडनीत आहे तो ऑस्ट्रेलियन रेव्हन, पूर्ण काळा, पांढरट डोळ्यांचा, आणि ओरडतो असा की एखादं बाळ कंटाळून रडतंय. एक घास वर्षातून एकदा ठेवलात तर पर्यावरण बुडत नाही. भाताचा छोटा घास ठेवा, थांबा, शिवला की उरलेलं उचलून आत न्या, दिवसभर पसरून ठेवू नका. मॅगपाय आधी आला तर काय ते तुमच्या भटजींना विचारा, मी त्यात पडत नाही. कुकाबुरा आला तर मात्र घास पळवणारच, तो बार्बेक्यूवरचं सॉसेज हातातून नेतो.

कचऱ्याचा डबा रोज कोण उघडतं?

पांढरा, पिवळ्या तुऱ्याचा कॉकाटू. चोचीने झाकण उचलतो, कडेवरून चालत जातो, झाकण मागे पाडतो. यावर २०२१ मध्ये सायन्स या पत्रिकेत रीतसर अभ्यास छापून आला, २०१८ आधी सिडनीच्या तीन उपनगरांतले कॉकाटू हे करायचे आणि २०१९ संपेपर्यंत चव्वेचाळीस उपनगरांत, म्हणजे एकमेकांचं बघून शिकले, आणि भागाभागात डबा उघडायची पद्धत थोडी वेगळी! लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या तर काहींनी विटा ढकलायला पण शिकून घेतलं. लाकडी रेलिंग पण कुरतडतात. बाल्कनीत एकदा खायला दिलंत तर नाही दिल्यावर दार वाजवतात.

फूड कोर्टमध्ये टेबलावर चढणारा लांब वाकड्या चोचीचा पक्षी कोण?

पांढरा आयबिस, लाडाने बिन चिकन. आपल्याकडे भातशेतात, तळ्याकाठी दिसतो तो पांढरा शराटी, त्याचा अगदी जवळचा नातेवाईक. मूळचा आतल्या दलदलींचा पक्षी, तिकडची पाणथळ कमी झाली, दुष्काळ पडले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तो शहरात येऊन राहिला. नोकरीधंद्यासाठी गाव सोडून शहरात आलेल्यांनी तरी त्याला हसू नये. २०१७ मध्ये वर्षातला पक्षी निवडायला मतदान झालं त्यात मॅगपाय पहिला आणि हा दुसरा.

संध्याकाळी आकाशात हजारो मोठी वटवाघळं जातात, धोका आहे का?

बघायला नाही, हात लावायला आहे. करड्या डोक्याची फ्लाइंग फॉक्स ती, फळं आणि फुलांतला मध खातात, रात्रीत कित्येक किलोमीटर फिरून निलगिरीच्या जंगलांचं परागीकरण करतात. पॅरामॅटा पार्कात नदीकाठी त्यांची वस्ती आहे, सूर्य मावळल्यावर नदीच्या पुलाजवळ उभं राहा, डोक्यावरून ओळच्या ओळ जाते. हॅरिस पार्कला जेवायला जाताच तुम्ही, त्याआधी अर्धा तास काढा, फुकट आहे.

मात्र जमिनीवर पडलेलं, तारेत अडकलेलं वटवाघूळ हाताळायचं नाही. त्यांच्यात लिसाव्हायरस असू शकतो, रेबीजच्या जातीचा, माणसं दगावलेली आहेत. चावलं-ओरखडलं तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच डॉक्टर. अशा वेळी, आणि कुठलाही जखमी प्राणी दिसला तर, वायर्स या संस्थेला फोन करा, १३०० ०९४ ७३७. नंबर सेव्ह करून ठेवा.

बाय द वे, त्याच नदीत लांब परांची ईल (सापासारखा लांबट मासा) राहते, पॅरामॅटाच्या रग्बी टीमचं नाव उगाच ईल्स नाही. म्हातारपणी ती नदी सोडून समुद्रात जाते, थेट कोरल सीपर्यंत, तिथे अंडी घालते आणि मरते, आणि तिची काचेसारखी पारदर्शक पिल्लं प्रवाहाबरोबर परत नद्यांत येतात.

मेथी-कोथिंबीर लावली होती, एका कोंबड्यासारख्या पक्ष्याने रात्रीतून वाफा उकरून ढिगारा केला!

रात्रीतून नाही, दिवसाढवळ्या केलं असणार. ब्रश टर्की. नर पालापाचोळ्याचा मीटरभर उंच, चार मीटर रुंद ढीग करतो, पाला कुजून जी उब येते त्यात अंडी उबवतात, हा चोच खुपसून तापमान बघतो आणि पाला कमी-जास्त करून साधारण तेहतीस ते अडतीस डिग्री राखतो. पिल्लू बाहेर आलं की आईबाप कोणीही बघत नाही, ते सरळ चालू लागतं. संरक्षित आहे. वाफ्यावर जाळी घाला किंवा जड दगड पसरा, मेथी मात्र गेली.

टिक चावली तर मटण बंद होतं हे खरं का?

काहींचं होतं, हो. सिडनीच्या किनाऱ्याकडच्या झाडीत, नॉर्दर्न बीचेस वगैरे, पॅरॅलिसिस टिक म्हणजे गोचीड असते. तिच्या चाव्यानंतर काही लोकांना लाल मांसाची अ‍ॅलर्जी होते, हा संबंध सिडनीच्याच एका डॉक्टरांनी २००७ मध्ये मांडला. मटण खाऊन दोन-चार तासांनी, बऱ्याचदा मध्यरात्री, अंगावर पित्त उठतं, कधी त्याहून गंभीर. चिकन-मासे चालतात. झाडीत जाताना पँट मोज्यात खोचा, आल्यावर केसात, कानामागे बघा. सापडली तर चिमटीने ओढू-दाबू नका, फार्मसीत गोचीड गोठवून मारायचा स्प्रे मिळतो. कुत्रा असेल तर त्याचं औषध चुकवू नका, कुत्रे याने मरतात.

बीचवर निळ्या फुग्यासारखं काहीतरी पडलंय.

ब्लूबॉटल. ईशान्येचा वारा सुटला की किनाऱ्यावर येतात, वाळलेलं असलं तरी डंख मारतं, मुलांना हात लावू देऊ नका. लागलंच तर समुद्राच्या पाण्याने धुवा, धागे काढा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं. व्हिनेगर उत्तर क्वीन्सलँडच्या बॉक्स जेलीफिशसाठी, यासाठी नाही. शार्कबद्दल विचारायच्या आधी लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहायला शिका, आपली माणसं इथे शार्कने नाही, समुद्राच्या ओढीने जातात.

कांगारू आणि कोआला कुठे बघायचे? तिकीट न काढता?

कांगारू: ग्लेनब्रुकवरून ब्लू माउंटन्सच्या नॅशनल पार्कात शिरलात की युरोका म्हणून मोकळी जागा आहे, सकाळी लवकर किंवा चार नंतर गवतात बसलेले असतात, फक्त गाडीची फी लागते. मोठा नर उभा राहून छाती खाजवायला लागला की सेल्फी विसरून मागे या.

कोआला: जंगलातला दिसायला नशीब लागतं, सिडनीत कॅम्पबेलटाऊनच्या बाजूला आहेत. दिवसाचे वीसेक तास झोपतात, त्यामुळे झाडाच्या बेचक्यातला करडा गोळा शोधायचा. २०२२ पासून न्यू साऊथ वेल्स, क्वीन्सलँड आणि कॅनबेरा भागात ते धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. मुलं लहान असतील तर ब्लॅकटाऊनजवळ डूनसाइडला फेदरडेल आहे, तिकीट आहे पण पैसे वसूल. उचलून घेऊन फोटो या राज्यात मिळणार नाही.

आणि कुठेच जायचं नसेल तर खिशातली चिल्लर काढा, पाच सेंटवर एकिडना (काटेरी मुंगीखाऊ), दहावर लायरबर्ड, वीसवर प्लॅटिपस, डॉलरवर कांगारू. मुलांना हा खेळ द्या: नाण्यावरचे सगळे खरे बघून दाखवायचे. लायरबर्डसाठी हिवाळ्यात रॉयल नॅशनल पार्क, लेडी कॅरिंग्टन ड्राइव्हवर सकाळी, तो दहा पक्ष्यांचे आवाज एकापाठोपाठ काढतो (पाऊस झाला असेल तर जळवा पण भेटतील, मीठ न्या). प्लॅटिपस सगळ्यात अवघड, २०२३ मध्ये त्याच पार्कातल्या हॅकिंग नदीत परत आणून सोडलेत.

गावाबाहेर गाडी चालवताना काय काळजी?

पहाटे आणि संध्याकाळी हळू. कांगारू आलाच तर ब्रेक दाबा पण स्टिअरिंग गरकन वळवू नका, झाडावर आपटून माणसं जास्त जातात. धडक बसून मेलाच तर सुरक्षित जागी थांबून वायर्सला फोन करा, मादीच्या पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं.

आईबाबा सहा महिन्यांसाठी येताहेत, आम्ही दोघं दिवसभर ऑफिसला, कंटाळतील का?

इथेच हा सगळा प्रकार कामाला येतो. बाबांना साधी दुर्बीण आणून द्या आणि फोनवर पक्षी ओळखायचं अ‍ॅप टाकून द्या, बघा पंधरा दिवसांत तेच तुम्हाला गॅला आणि कोरेला या दोन कॉकाटूंमधला फरक सांगतील. ऑक्टोबरमध्ये आले असतील तर बर्डलाइफ या संस्थेची पक्षीगणना असते, वीस मिनिटं एका जागी बसून मोजायचं, इंग्रजी बोलावं लागत नाही. बाकावर शेजारी बसलेली ऑस्ट्रेलियन आजी हवामानानंतर पक्ष्यांवरच बोलते, हवापाणी आणि कुकाबुरा एवढ्यावर छान ओळखी होतात. आई बेडकांचे आवाज रेकॉर्ड करून ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या फ्रॉगआयडीवर पाठवू शकते, तिकडून कुठला बेडूक ते कळवतात. फक्त सप्टेंबरात सकाळच्या फिरण्याला टोपी द्या, वर सांगितलंय का ते.

भारतातून येताना त्यांनी काय आणू नये?

बियाणं, कुंडीतली माती, ताजी फुलं-फळं-पानं, कढीपत्त्याची काडी. मोरपीस तर भारतातून बाहेर न्यायलाच बंदी. बाकी खाण्याचं, लाकडाचं, पूजेचं जे असेल ते कार्डावर खरंखरं लिहायचं, सांगितलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड. साळुंकीची गोष्ट वाचलीत ना, म्हणून एवढे कडक.

इथे बिबट्या आहे का?

जुन्नरवाले आलेले दिसताय. नाही. ब्लू माउंटन्समध्ये काळा बिबट्या फिरतो अशी दंतकथा फार जुनी आहे, सरकारने पण चौकशी करून झाली, पुरावा कोणी आणला नाही. रात्री अंगणात झोपा हवं तर, डास चावतील.

व्हेल बघायला बोटीचं तिकीट काढावंच लागतं?

नाही. मेच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत हंपबॅक किनाऱ्याजवळून जातात, जून-जुलैत उत्तरेकडे, सप्टेंबरनंतर पिल्लांना घेऊन परत दक्षिणेला. कर्नेलचं केप सोलँडर किंवा मॅन्लीचं नॉर्थ हेड, दोन्हीकडून कड्यावरून दिसतात. १९६२ मध्ये पूर्व किनाऱ्यावरची शिकार थांबली तेव्हा काहीशेच उरले होते, आता हजारोंनी जातात, त्यामुळे जून अखेरीस दोन-तीन तास बसलात तर रिकाम्या हाताने यायची शक्यता कमी. आधी फवारा शोधा, मग त्याच जागेच्या थोडं पुढे बघत राहा. वारा भयंकर असतो तिथे, स्वेटरवर जॅकेट घाला, थर्मासमध्ये चहा न्या, आणि मुलांना कठड्यापलीकडे अजिबात जाऊ देऊ नका.